जागणाऱ्याची साक्ष : दात खाणे, घोरणे आणि तोंडातल्या साच्याचा इतिहास

१

गेल्या वैशाखात उजव्या बाजूची खालची दाढ ठणकू लागली, म्हणून खांबहून रोह्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढी. तोंडात छोटा आरसा फिरवून तिने विचारले, "काका, रात्री झोपेत दात खाता का?"

"झोपेत मी काय करतो ते मला कसे ठाऊक असणार?" मी म्हणालो.

"खातात," पडद्यापलीकडच्या बाकावरून आमच्या सौभाग्यवतींनी उत्तर दिले. "आणि घोरतातही. तीस वर्षं ऐकतेय मी."

डॉक्टरने ते शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवून घेतले. मग पडदा सरकवून तिने सौभाग्यवतींनाच पुढचा प्रश्न विचारला, "काकू, घोरता घोरता यांचा श्वास मध्येच थांबतो का? आणि मग दचकून पुन्हा सुरू होतो, असं काही?" हा प्रश्न ऐकून मी खुर्चीतच ताठ झालो. का, ते पुढे सांगतो.

माझी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. कोणतेही साधन हाती आले की आधी विचारायचे, हे कोणी पाहिले आणि पाहणारा कुठे उभा होता, हा मुलांना माझा पहिला धडा असे. त्या दिवशी आ वासून पडलो असताना ध्यानात आले, की माझ्याच तोंडात रोज रात्री घडणाऱ्या गोष्टीचा मी साक्षीदार नाही. घटना माझी आणि साक्ष शेजारच्या अंथरुणावरची.

यथावकाश माझा 'नाइट गार्ड' तयार झाला. घोड्याच्या नालेसारख्या आकाराची, पारदर्शक, कडक प्लास्टिकची ही वस्तू रात्री वरच्या दातांवर चढवायची आणि सकाळी धुऊन डबीत ठेवायची. नातू तिला 'आजोबांचे काचेचे दात' म्हणतो. एवढीशी ही वस्तू कुठून आली, आणि तिच्या आधी माणसे या दोन आवाजांना काय म्हणत होती, याचा शोध घेण्यात माझे वर्ष गेले.

२

शोधाची सुरुवात घराजवळूनच झाली. खांबहून कोलाड, इंदापूर, तळा असे गेले की कुड्याची लेणी लागतात. राजपुरी खाडीवरच्या डोंगरात कोरलेली ही सव्वीस लेणी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली आहेत. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले शिलालेख १८८१ साली प्रसिद्ध केले, त्यांत कुड्याचेही लेख आहेत. त्यांतला एक मला फार जवळचा वाटतो. सोमदेव नावाच्या एका वैद्याने आपल्या मुलांमुलींसह इथे लेणे दान दिल्याची त्यात नोंद आहे. वैद्याला तिथे 'वेज' म्हटले आहे. म्हणजे आमच्या या मुलखात अठराएकशे वर्षांपूर्वी नाव कोरून ठेवण्याइतके प्रतिष्ठित वैद्यघराणे होते.

या लेण्यांतल्या भिक्खूंच्या खोल्यांत भिंतीलगत कोरलेले दगडी ओटे आहेत. त्यांवर झोपणारे घोरत असतील का, हा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण त्याचे उत्तर विनयपिटकात सापडते. भिक्खूंनी दीक्षा न घेतलेल्या माणसांसोबत एका छताखाली किती रात्री झोपावे, याला विनयाने मर्यादा घातली आहे. तो नियम का करावा लागला, याची कथा अशी : आळवी इथे धर्मश्रवणाला आलेले उपासक आणि काही नवे भिक्खू एकाच सभागृहात झोपले. भिक्खू भान हरपून झोपले, बरळू लागले, घोरू लागले. उपासकांनी ते पाहिले आणि नावे ठेवली. तक्रार बुद्धापर्यंत गेली. शिस्तीच्या ग्रंथात घोरणे शिरले ते असे, जागे असलेल्यांच्या तोंडून.

त्याहून विलक्षण नोंद निदानकथेत आहे. जातककथांच्या पाली अट्ठकथेची ही प्रस्तावना साधारण पाचव्या शतकातली मानतात. सिद्धार्थ गृहत्याग करतो त्या रात्री त्याला जाग येते, आणि गाऊन-नाचून थकलेल्या स्त्रिया आजूबाजूला झोपलेल्या दिसतात. कुणाच्या तोंडातून लाळ गळते आहे, कुणी बरळते आहे, कुणी घोरते आहे, आणि कुणी दात खाते आहे. तिथे पालीतला प्रयोगही दात 'खाण्याचा'च आहे. आपण मराठीत आजही ज्या क्रियापदाने ही गोष्ट सांगतो, तेच क्रियापद दीड हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात आहे. मराठी बायबलमध्येही नरकातल्या आक्रोशाबरोबर 'दात खाणे' हाच शब्दप्रयोग येतो.

धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध'मध्ये या मध्यरात्रीच्या गृहत्यागाच्या कथेला इतिहास मानलेले नाही. आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत बोधिसत्त्वाने घर सोडले, असे सांगणारे जुने सुत्त त्यांनी प्रमाण धरले. मला ते पटते. पण कथा घडली नसली, तरी ती रचणाऱ्याने रात्रीचे हे दोन आवाज जवळून ऐकले होते, एवढे खरे. आणि त्या आवाजांचा अर्थ त्याने काय लावला, हेही स्पष्ट आहे. त्याच्या लेखी ती देहाची किळस होती, संसाराच्या असारतेचा पुरावा. त्या बाईचा जबडा सकाळी दुखत असेल का, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नव्हते.

३

वैद्यांनी मात्र हे आवाज निराळ्या कानांनी ऐकले. माधवनिदानात बालरोगांच्या प्रकरणात ग्रहबाधा झालेल्या मुलाची सर्वसाधारण लक्षणे दिली आहेत. मूल वर टक लावून पाहते, जांभया देते, कण्हते आणि दात खाते. म्हणजे दात खाणे ही बाहेरच्या कुणाची तरी करणी ठरली. आमच्या लहानपणी ग्रहाची जागा जंतांनी घेतली होती. झोपेत दात खाणाऱ्या मुलाला सकाळी वावडिंगाचे पाणी मिळे. दात खाण्याशी जंतांचा संबंध आजवर पक्का सिद्ध झालेला नाही. बहुतेक मुलांची ही सवय वयाबरोबर आपोआप जाते, आणि श्रेय वावडिंगाला मिळते.

घोरण्याबाबत सुश्रुताने जे नोंदवले आहे ते वाचून मी चकित झालो. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात अतिस्थूल माणसाची लक्षणे दिली आहेत. थोड्या श्रमाने धाप, तहान, भूक, फार झोप, घाम, अंगाला दुर्गंधी, गळून जाणे, आणि या यादीत एक शब्द आहे 'क्रथन'. टीकाकारांनी त्याचा अर्थ श्वास एकाएकी अडणे, किंवा झोपेत घशात होणारी घरघर असा लावला आहे. स्थूलपणा, दिवसाची झोप आणि रात्री अडणारा श्वास या तीन गोष्टी एका ओळीत बसवायला युरोपातल्या वैद्यकाला विसावे शतक उजाडावे लागले. इथे त्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. पण यादी ही यादीच राहिली. क्रथनाचा स्वतंत्र विचार पुढे झाला नाही, आणि लोकांच्या तोंडी राहिला तो कुंभकर्ण. त्याच्या श्वासाच्या झोताने उठवायला आलेले राक्षस मागे ढकलले जात, ही रामायणातली गोष्ट ऐकून आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो.

उपचार म्हणाल तर जबड्यावर ते बाहेरूनच होत. निखळलेला जबडा शेकून बसवायचा आणि 'पंचांगी' नावाच्या पट्टीने बांधायचा, हे सुश्रुताला माहीत होते. झोपेपूर्वी तोंडात काही बसवावे ही कल्पना यायची, तर तोंडाचा नेमका ठसा घेता यायला हवा आणि त्या ठशात ओतायला योग्य पदार्थ हवा. दोन्ही गोष्टी यायला आणखी बराच काळ जायचा होता.

४

शेजारी झोपणारे कुणी नसले, तर दुसरा साक्षीदार दात स्वतः. पण तो संदिग्ध बोलतो. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यान राहिलेल्या माणसांच्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच यांनी केला. जुन्या दातांच्या अभ्यासकाला एक अडचण कायम भेडसावते. दगडावर भरडलेल्या धान्यात दगडाचे बारीक कण उतरतात आणि चावताना ते दात घासून काढतात. तेव्हा झिजलेली दाढ पाहून ती भाकरीने झिजली की झोपेतल्या घासण्याने, हे कसे ठरवायचे? ज्यांच्या घरात जाते होते त्यांना हे सांगायला नको. टाकी लावून आणलेल्या जात्यावरचे पहिले पीठ कचकचते, म्हणून आई ते बाजूला काढी.

आपल्याकडे दळण गिरणीत गेले, युरोपात अन्न आणखी मऊ झाले, आणि तरीही काहींचे दात झिजतच राहिले. तेव्हा कुठे रात्रीवर संशय गेला. व्हिएन्नातले दंतवैद्य मोरित्स कारोली यांनी १९०१ साली लिहिले, की हिरड्यांच्या पायोरिया या रोगामागे रात्री नकळत दातांवर पडणारा ताण हे एक कारण असावे. रोगाचे कारण म्हणून त्यांचे म्हणणे पुढे जसेच्या तसे टिकले नाही. पण त्या ताणावर त्यांनी योजलेला उपाय टिकला. दात एकमेकांना भिडू नयेत म्हणून त्यांनी दाढांवर कडक रबराचे टोपण बसवले. माझ्या डबीतल्या वस्तूचा हा पणजोबा. पुढे १९०७ साली फ्रान्समध्ये या सवयीला 'ब्रुक्सोमानी' असे नाव मिळाले, आणि १९३१ साली इंग्रजीत 'ब्रुक्सिझम' हा शब्द रूढ झाला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ दात करकरणे.

५

कारोलीच्या टोपणाचे ते कडक रबर दंतवैद्यकासाठी जन्मलेले नव्हते. चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ साली गंधक घालून रबर पक्के करण्याचे पेटंट घेतले, आणि १८५१ साली त्यांचे भाऊ नेल्सन यांनी कडक रबराचे. हे 'व्हल्कनाइट' साच्यात हवे तसे बसे, म्हणून त्याच्या कवळ्या होऊ लागल्या. सोन्याच्या पट्टीवरची कवळी परवडत नव्हती त्यांना दात मिळाले. मात्र रबराची कवळी करणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे वसूल करायला गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी मागे लागली. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन खटल्यांवर खटले भरत हिंडत. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युअल चालफंट नावाच्या त्रासलेल्या दंतवैद्याने त्यांना गोळी घातली.

तोंडाच्या आत बसणाऱ्या साच्याला खरी गती दिली ती युद्धाने. अमेरिकी यादवीत जबड्याला गोळ्या लागलेले सैनिक येत. थॉमस गनिंग यांनी त्यांच्यासाठी व्हल्कनाइटचे साचे केले. मोडलेला जबडा त्यात जागेवर धरला जाई. १८६५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांचा जबडा घोडागाडीच्या अपघातात मोडला, तेव्हा गनिंग यांनी त्यांनाही असा साचा बसवला. पुढची पायरी मुष्टियुद्धाची. लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी १८९० च्या सुमारास खेळाडूंच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवायला सुरुवात केली. मलाया भागातल्या झाडांचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि गार झाला की घट्ट. आज दुकानात मिळणारा, उकळत्या पाण्यात बुडवून चावायचा गार्ड याच तत्त्वावर चालतो.

ठसा घेण्याचा पदार्थ बदलला तोही युद्धामुळे. १९२० च्या दशकापासून समुद्रशैवालातल्या अगारने दातांचे माप घेत, आणि अगार मुख्यतः जपानहून येई. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा बंद झाला, तेव्हा दुसऱ्या शैवालापासून अल्जिनेट तयार झाले. रोह्याच्या डॉक्टरने माझ्या तोंडात कालवलेल्या पिठासारखा जो गार गोळा दाबला, तो हाच. व्हल्कनाइटची जागा १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिकने घेतली.

हे माप पुढे कुठे जाते ते मी मुद्दाम पाहायला मागितले. अल्जिनेटच्या मऊ ठशात तिने प्लास्टर ओतले. तासाभराने माझे दात टेबलावर पांढरेशुभ्र उभे राहिले. मला एकदम पेण आठवले. हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत आम्ही शाळेची सहल नेत असू. तिथेही क्रम हाच. शाडूची मूळ मूर्ती, तिच्यावरून रबरी साचा, साच्यात प्लास्टर. जिप्सम भाजून त्यातले पाणी उडवायचे, आणि पाणी कालवले की ते पुन्हा दगड होते. सेट होताना प्लास्टर कोमट लागते, हे तिथल्या कारागिराने माझा हात धरून दाखवले होते. डॉक्टरच्या टेबलावरच्या माझ्या जबड्याला हात लावला, तर तोही कोमट होता. दाढांची टोके मात्र सपाट झालेली स्पष्ट दिसत होती. साक्षीदाराने लेखी जबाब दिला होता.

आपल्याकडे हे शास्त्र उशिरा आले. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे, आणि दंतवैद्यकाचा कायदा १९४८ चा. त्यानंतरही खेड्यात दातांचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, ही समजूत माझ्या तरुणपणापर्यंत कायम होती.

६

आता तो प्रश्न, जो ऐकून मी खुर्चीत ताठ झालो होतो.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मुंबई-गोवा रस्त्यावर मालट्रक चालवत. अंगाने भरलेले, मान आखूड. त्यांच्या घोरण्याने ओटीवरचे पाहुणे जागत आणि सकाळी थट्टा करत. आई मात्र थट्टेत नसे. ती म्हणायची, "घोरण्याचं काही नाही रे. ते मधेच थांबतं ना, त्याची भीती वाटते. मी आकडे मोजते. एकदा पंचवीसपर्यंत मोजले." एका डॉक्टरांना तिने हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "मग मोजू नका, झोपा."

१९८६ च्या पावसाळ्यात, नागोठणे सोडून खांबकडे येताना सुकेळी खिंडीत दादांचा ट्रक रस्ता सोडून चरात गेला. पहाटेची वेळ होती. त्यांच्या हातावर निभावले, क्लीनरचा पाय मोडला. दादा म्हणाले, डोळा लागला. मालकाने, गावाने, नातेवाइकांनीही त्याचा अर्थ एकच काढला, की प्यायला होता. दादांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे गेलेले नाव परत आले नाही. १९९४ साली एका रात्री ते झोपेतच गेले. कागदावर हृदयविकार लिहिले गेले. आई एवढेच म्हणाली, "आवाज थांबला म्हणून मला जाग आली."

दादांना नेमके काय झाले होते, हे आज मी ठरवू शकत नाही. तपासणी झालीच नाही. पण जगात तेव्हा काय माहीत झाले होते, ते तारखांनिशी सांगू शकतो, आणि शोधातला हा भाग मला सर्वांत जड गेला.

डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (१८३६-३७) जो नावाचा लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, घोरतो, आणि वाचक हसतात. १९५६ साली बर्वेल या अमेरिकी डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्थूल गृहस्थाची हकीकत छापली. पत्त्यांच्या जुगारात हाती उत्तम पाने आली असतानाच त्यांना डुलकी लागली होती. त्यांच्या विकाराला डॉक्टरांनी 'पिकविक'चेच नाव दिले. पण घसा बंद होतो, हे त्यांना दिसले नव्हते. रुग्णाला रात्रभर तारा लावून झोपवले आणि दुसऱ्या कुणी जागून पाहिले, तेव्हा १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतल्या अभ्यासकांना ते दिसले. झोपेत स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ फडफडते, तो घोरण्याचा आवाज. वाट पुरती मिटली की आवाज बंद आणि श्वासही बंद. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस हुंकार देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. असे रात्रीतून शेकडो वेळा होऊ शकते, आणि त्याला स्वतःला आठवत काहीच नाही. तो फक्त दिवसा पेंगतो. श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला तर ती नोंदण्याजोगी घटना धरतात. आई पंचवीसपर्यंत मोजत होती.

१९७६ साली गिलमिनो यांनी या विकाराला 'स्लीप ॲप्निया'चे आजचे नाव दिले. १९८० साली इटलीच्या लुगारेसी यांनी सान मारिनोच्या रहिवाशांची पाहणी करून दाखवले, की घोरणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक आढळतो. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र तयार केले.

तोंडातल्या साच्याचा मार्ग त्याआधीच सुरू झाला होता. पॅरिसचे पिएर रोबँ यांनी १९०२ साली लहान जबड्याच्या मुलांसाठी खालचा जबडा पुढे धरणारे साधन केले होते. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि घशाची वाट मोकळी राहते. मोठ्यांच्या घोरण्यासाठी ही कल्पना पुन्हा हाती घेतली गेली ती ऐंशीच्या दशकात. १९८२ साली अमेरिकेत जीभ पुढे धरून ठेवणारे साधन आले, १९८४ साली जर्मनीत मायर-एवर्ट यांनी खालचा जबडा पुढे धरणारे. सुकेळी खिंडीतला अपघात त्यानंतर दोन वर्षांनी झाला. नाव होते, यंत्र होते, साचा होता. आमच्या घरी फक्त आईचे मोजणे होते, आणि ते कुणी लिहून घेतले नाही.

७

आता माझ्या गार्डकडे. रोह्याच्या डॉक्टरने तो लगेच करून दिला नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "श्वास थांबत असेल, नक्की नाही सांगता येत, मला डोळा लागतो," तेव्हा तिने मला आधी पनवेलला झोपेची तपासणी करायला लावली. कारण मला नंतर कळले. दात खाण्यासाठीचा सपाट गार्ड आणि घोरण्यासाठीचा जबडा पुढे धरणारा साचा, दोन्ही डबीत सारखेच दिसतात. पण काम वेगळे. २००४ साली मॉन्ट्रियलच्या अभ्यासकांनी श्वास अडणाऱ्या दहा रुग्णांवर छोटा प्रयोग केला. दात खाण्यासाठीचा सपाट गार्ड वरच्या दातांवर बसवल्यावर त्यांतल्या काहींचा श्वास अधिक वेळा अडू लागला. दहा रुग्णांवरून नियम ठरत नाही, पण सावध व्हायला तेवढे पुरे. उलट बाजूने, दुकानातला घोरण्याचा साचा आवाज कमी करतो म्हणून घरचे निश्चिंत झोपतात, आणि आवाजाखालचे अडणे तसेच राहिले तर ते सांगायला कुणी जागे नसते.

माझ्या तपासणीत श्वास फारसा अडत नाही असे निघाले, तेव्हा गार्ड झाला. तो काय करतो, हेही तिने स्वच्छ सांगितले. तो दात खाणे थांबवत नाही. दाताऐवजी प्लास्टिक झिजते, एवढेच. मॉन्ट्रियलच्याच झिल लाविन्य यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले आहे, की जबडा हलण्याच्या काही क्षण आधी मेंदूच्या लहरी आणि हृदयाचे ठोके बदललेले असतात. म्हणजे दात ही शेवटची कडी. २०१८ साली निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवले, की एरवी निरोगी माणसात दात खाणे हा रोग मानू नये, ते स्नायूंचे एक वर्तन आहे. कधी ते अपाय करते, कधी नाही. पुराव्याच्या त्यांनी तीन पायऱ्या लावल्या. माणसाने किंवा घरच्यांनी सांगितले तर 'शक्य', दाता-जबड्यावर खुणा दिसल्या तर 'संभाव्य', यंत्राने नोंदले तर 'निश्चित'. ऐकीव, अवशेष आणि दस्तऐवज. मी वर्गात हेच शिकवत होतो.

श्वास अडण्याची चाचपणी करायला कॅनडात २००८ साली तयार झालेली एक प्रश्नावली आता सर्वत्र वापरतात. घोरता का, दिवसा थकवा येतो का, रक्तदाब आहे का, या प्रश्नांबरोबर तिच्यात एक प्रश्न असा आहे, की झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? एका छापील ओळीत शेजारच्या अंथरुणावरच्या माणसाला जागा मिळाली. आळवीच्या उपासकांपासून तिथपर्यंत यायला अडीच हजार वर्षे लागली. डॉक्टरने माझ्यासमोर तो कागद ठेवला, तेव्हा मी तो सौभाग्यवतींकडे सरकवला.

आमच्या घरासमोरून जाणारा रस्ता आता रुंद होतो आहे. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. रात्री ट्रक येतात-जातात. सुकेळी खिंड उतरणाऱ्या गाडीचा आवाज ऐकला, की चालवणारा कसा झोपला असेल, आणि त्याच्या घरी कोण मोजत असेल, असे मनात येते. वाहनपरवान्यासाठी डोळे तपासतात. झोपेविषयीचा तो एक प्रश्न, तोही घरच्या माणसाला, विचारायला काही खर्च येत नाही.

मी एक वही घातली आहे. सकाळी चहाच्या वेळी सौभाग्यवती सांगतात, मी तारीख घालून लिहितो. 'दात नाहीत, नुसते घोरणे.' 'पहाटे एकदा करकर.' 'काही नाही.' परवाची नोंद अशी आहे : 'रात्री अडीच. आवाज अजिबात नव्हता म्हणून जाग आली. छातीवर हात ठेवून पाहिले. मग झोपले.'